एक काना

डुलुथला नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
तलावावरून लोखंडाची माती भरलेली
मोसमातली शेवटची जहाजं भोंगे देत जातात,
आणि दैनिकाच्या दुसऱ्या मजल्यावर
मार्लिस हॉगन स्वेटरच्या टोकानं चष्मा पुसते.

पान चार. परदेश.
पान म्हणायचं एवढंच, खालचा अर्धा भाग
गाद्यांच्या सेलला दिलेला.

तारेवरून आलंय:
नदीच्या वळणावरचं गाव, पिठाची गिरणी,
गिरणीसमोर रांग,
रांगेतली एकोणीस माणसं.
क्रियापद तिनं लावायचं.
अठ्ठावीस वर्षं तेच तर लावत आली.

तिच्या भाषेत हे कसं करतात ते सांगायला वेळ लागेल.
माझ्या भाषेत सोपं आहे:
मरणं आणि मारणं,
मध्ये एक काना.
नुसती उभी रेघ.
ती खोडली की मारणारा पानावरून उठून जातो,
खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

गेल्या महिन्यात
समोरच्यांचं क्षेपणास्त्र दोस्तांच्या शहरात पडलं,
तेव्हा काना होता. ठळक. सहा कॉलमी.
मेलेल्या पोरीच्या सायकलचा रंगही छापला होता, पिवळा.
गिरणीच्या रांगेत कुणाची सायकल होती का,
तारेत नाही.
मार्लिसनं कधी विचारलंही नसतं.

कुणी सांगत नाही तिला, हे ध्यानात घ्या.
वरून फोन येत नाही.
मालक फ्लोरिडात असतो, चौथं पान
त्यानं शेवटचं कधी उघडलं देव जाणे.
हात आपला आपण वळतो,
जशी रात्री गाडी घराच्या गल्लीत वळते.

भाऊ ऑरिन म्हणतो, तुझा पेपर देशद्रोह्यांचा.
मुलगी सिग्रिड म्हणते, आई, तुम्ही युद्ध विकता.
गेल्या थँक्सगिव्हिंगला दोघं समोरासमोर बसली,
एकमेकांकडे न बघता
बटाट्याचं एकच भांडं खरवडून संपवलं.
भिंतीवर ऑरिनच्या टेटचा फोटो, गणवेशातला.
तो कुठल्या तळावर आहे ते सांगायची मुभा नाही.
इथं उकडतं फार, एवढंच लिहितो.

आज तिनं टाइप केलं:
अमेरिकी विमानांनी एकोणीस जणांना मारले.

ओळ लाल झाली.
मापाबाहेर.
शेजारचा केल्बी, वय चोवीस, सफरचंद चावत वाकला:
'हल्ल्यात एकोणीस ठार' घाल, सुरेख बसतं.
बसत होतं. सुरेख.
कुणाच्या हल्ल्यात, हे विचारायला
त्या ओळीत जागाच नव्हती.

तिनं कॉफीचा थंड घोट घेतला.
गाद्यांना हात लावता येत नव्हता, त्यांचे पैसे आलेले.
'अमेरिकी' काढलं, परत घातलं.
'जणांना' गेलं.
शेवटी एकोणीसचे केले १९.

अमेरिकी विमानांनी १९ मारले.

बसलं.
मारणाऱ्यासाठी जागा करताना
मेलेल्यांनाच सरकावं लागलं,
एका आकड्यात दाटीनं उभं राहावं लागलं.
हे तिला दिसलं. तिनं बटण दाबलं.

सकाळी सातला फोन.
ऑरिन.
वाचलं, म्हणाला.
शिवी येईल म्हणून तिनं फोन कानापासून जरा लांब धरला.
आली नाही.
मागे त्याचं चॅनल चालू होतं, तेही त्यानं बंद केलं.
मग बऱ्याच वेळानं:
टेट विमानं दुरुस्त करतो गं.
फक्त दुरुस्त करतो.

मार्लिस म्हणाली, हो.

आणखी काही म्हणायला हवं होतं,
क्रियापद सापडेना.
ऑरिन ठेवत नव्हता.
तीही ठेवत नव्हती.